अर्धवट जोडणी

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्ब फुटले आणि पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ई-मेल आला होता. आयपी ॲड्रेसवरून माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतल्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि मेल पाठवणाऱ्याने तेच वापरले होते. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोन मेल अशाच वाटेने गेले. एक माटुंग्यातील महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून, दुसरा चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या नेटवर्कवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधण्याची आणि मालकांना नोटिसा देण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. या सगळ्यातून लोकांपर्यंत एकच गोष्ट पोहोचली, की वाय-फायला पासवर्ड हवा. ती लोकांनी मनावर घेतली, हेही खरे. आज एखाद्या सोसायटीच्या जिन्यात उभे राहून मोबाइलवर नेटवर्क शोधले, तर दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक नावापुढे कुलपाचे चिन्ह असते. पण त्या चिन्हामागे काय आहे हे कोणी तपासत नाही, आणि तपासण्याचे काम कोणाचे हेही आपण ठरवलेले नाही. माझ्या मते ते काम जोडणी देणाऱ्या कंपनीचे आहे, ते पहिल्याच दिवशी पूर्ण व्हायला हवे आणि ते झाल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असे मानता कामा नये.

सध्या जोडणी कशी होते ते पाहा. टेक्निशियन येतो, खांबावरून फायबर ओढतो, भिंतीला भोक पाडतो, टीव्हीच्या वर कुठेतरी राउटर ठोकतो. मग मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ घरातून उत्तर येते, ‘मोबाइल नंबरच ठेवा, लक्षात राहतो.’ कधी तो विचारतही नाही. ग्राहकाचे नाव आणि पुढे १२३४ टाकून मोकळा होतो. मग काम झाल्याचा ओटीपी मागतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. त्याला दिवसाला ठरावीक जोडण्या उरकायच्या असतात आणि वरिष्ठ त्याला स्पीडबद्दल विचारतात, पासवर्डबद्दल कधीच नाही. त्याचा यात दोष धरण्यासारखे काही नाही. दोष आहे तो ‘नेट चालू झाले म्हणजे काम झाले’ या मोजमापाचा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार देशात तारेवरच्या ब्रॉडबँड जोडण्या २०१९ च्या अखेरीस दोन कोटींच्या आसपास होत्या. २०२४ संपताना त्या चार कोटींवर गेल्या. कोविडच्या काळात घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्या, तेव्हा यातल्या कित्येक जोडण्या घाईघाईने दिल्या गेल्या, आणि घाईत ठेवलेला पासवर्ड पुढे वर्षानुवर्षे तोच राहतो.

मोबाइल नंबराला पासवर्ड म्हणून काय किंमत आहे, याचे उत्तर गणिताने देता येते. आपल्याकडे बहुतेक घरांत वाय-फायची जी सुरक्षा पद्धत चालते ती डब्ल्यूपीए-२, म्हणजे २००४ सालची. तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये एक छोटी देवाणघेवाण होते. ती हवेतून होते, त्यामुळे बाहेर रस्त्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्यालाही ती टिपून घेता येते. त्यात पासवर्ड उघड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे ताडून पाहण्यापुरते पुरेसे त्यात असते. ही नोंद घेऊन तो माणूस निघून जाऊ शकतो आणि पुढचे सगळे अंदाज आपल्या घरी बसून करू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. संगणकावर गेम खेळणारी मुले जी महागडी ग्राफिक कार्डे घेतात, त्यातले चांगले कार्ड सेकंदाला असे दहा लाखांहून अधिक अंदाज तपासते. ४०० कोटींना दहा लाखांनी भागा: चार हजार सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत देशातला प्रत्येक संभाव्य मोबाइल नंबर तपासून होतो. आणि जो शेजारी आहे, ज्याच्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा नंबर आहेच, त्याला तर ग्राफिक कार्डही लागत नाही.

हे निव्वळ कागदावरचे गणित नाही. २०२१ मध्ये इस्राएलमधील एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून पाच हजार वाय-फाय नेटवर्कच्या अशा नोंदी गोळा केल्या आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के पासवर्ड शोधून काढले. कारण? तिथेही लोक मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतात. याच्या उलट, कुठलाही अर्थ नसलेली बारा इंग्रजी अक्षरे, तीही फक्त लहान लिपीतली, घेतली तर त्याच वेगाने सर्व शक्यता तपासायला तीन हजार वर्षे लागतील. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी तितकेच, किंबहुना जास्त, भक्कम काम होते आणि ते पाठही होतात. म्हणजे सव्वा तास आणि तीन हजार वर्षे यांतला फरक टेक्निशियनच्या हातातल्या एका मिनिटाचा आहे.

यात मला सर्वांत जास्त खटकते ते पुढचे. आजकालच्या बऱ्याच राउटरांच्या पाठीवरच्या स्टिकरवर त्या एकाच यंत्रासाठी कारखान्यात ठरवलेला पासवर्ड छापलेला असतो. अक्षरे आणि आकडे यांची कसलाही अर्थ नसलेली सरमिसळ. म्हणजे यंत्र घरात येते तेव्हा बऱ्यापैकी सुरक्षित असते. जोडणीच्या वेळी तो पासवर्ड काढून तिथे मोबाइल नंबर टाकला जातो. सुरक्षा वाढवणे दूरच, जी होती तीही आपण त्या पंधरा मिनिटांत घालवतो.

वाय-फायचा पासवर्ड हा झाला पुढचा दरवाजा. राउटरला मागचाही एक दरवाजा असतो, आणि बहुतेक घरांत तो आहे हेच माहीत नसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा पत्ता टाकला की राउटरचे सेटिंगचे पान उघडते. त्याचा स्वतंत्र पासवर्ड असतो आणि कित्येक यंत्रांवर तो अजूनही ‘ॲडमिन’ हाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने याच सवयीचा फायदा घेतला. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स. त्या जगभरातल्या राउटरांवर, कॅमेऱ्यांवर एकेक करून लावून पाहत त्याने लाखो यंत्रे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांनी ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर एकदम मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातल्या यंत्रांनी हे केले त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. भारताला याचा चटका बसला तो जुलै २०१७ मध्ये. बीएसएनएलचे सुमारे ६० हजार मोडेम अशाच एका प्रोग्रामने निकामी केले, आणि कंपनीला ग्राहकांना सांगावे लागले की मोडेमचा मूळ पासवर्ड बदला. वर्षानुवर्षे तोच पासवर्ड ठेवून मोडेम घरोघर दिल्यावर बदलण्याचे काम ग्राहकावर टाकायचे, तेही नुकसान झाल्यावर, हा क्रम उलटा आहे.

मागच्या दरवाजातून आत आलेला माणूस काय करू शकतो याचे ब्राझीलचे उदाहरण प्रत्येक बँक ग्राहकाने लक्षात ठेवावे असे आहे. २०११ च्या सुमारास तिथल्या सुमारे ४५ लाख मोडेमांमध्ये घुसून चोरांनी एकच सेटिंग बदलले: डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. त्यानंतर लोक ब्राउझरमध्ये आपल्या बँकेचे नाव अगदी बरोबर टाइप करत आणि पोहोचत मात्र चोरांनी उभारलेल्या पानावर. संगणकात व्हायरस नव्हता, माणसाने कुठल्या फसव्या लिंकवर क्लिक केले नव्हते. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला अशा वेळी काही कामाचा नाही.

आणि काही दोष तर ग्राहकाला कळणे शक्यच नसते. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाचे एक बटण असते. पासवर्ड न टाकता यंत्रे चटकन जोडावीत म्हणून केलेली सोय. तिच्या एका प्रकारात आठ आकडी पिन असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटेल. पण शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून हिशेबाने येतो, म्हणजे त्याचा अंदाज करावाच लागत नाही. वर राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार आकडे बरोबर आले की नाही हे वेगळे सांगतो. म्हणून पहिल्या तुकड्यासाठी दहा हजार आणि दुसऱ्यासाठी एक हजार, एकूण अकरा हजार प्रयत्नांत काम होते. वाय-फायचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ही सोय चालू असेल तर त्याला बगल देऊन आत शिरता येते. हा दोष डिसेंबर २०११ मध्ये जगजाहीर झाला. नव्या यंत्रांत त्यावर बंधने आली, जुन्यांत नाहीत. साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षकाने किंवा डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या कारकुनाने हे माहीत करून घ्यावे अशी अपेक्षा कोणी कशी ठेवायची?

तरीही पहिला आक्षेप हाच येतो, की घर तुमचे, राउटर तुमच्या भिंतीवर, तर काळजीही तुम्हीच घ्या. वरवर पाहता हे पटते. पण आज बहुतेक ठिकाणी राउटर कंपनीचा असतो, त्याचे सेटिंग कंपनी दुरून बदलू शकते, आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड कित्येकदा ग्राहकाला दिलाच जात नाही. कस्टमर केअरला विचारले तर ‘तक्रार नोंदवा, आमचा माणूस येईल’ असे उत्तर मिळते. अधिकार कंपनीकडे आणि जबाबदारी ग्राहकाकडे अशी वाटणी न्यायाची नाही. गॅसची जोडणी देताना एजन्सीचा माणूस रेग्युलेटर बसवतो, गळती तपासतो, शेगडी पेटवून दाखवतो आणि मगच सही घेतो. गळतीचे शास्त्र गृहिणीने शिकून घ्यावे असे कोणी म्हणत नाही. जे काम जाणकाराला पाच मिनिटांचे आहे आणि अजाणाला अशक्य आहे, ते जाणकारावरच सोपवले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ‘माझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय? बँकेचे संकेतस्थळ तर तसेही सुरक्षित असते.’ यात तथ्य आहे. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारे बोलणे एन्क्रिप्ट केलेले असते, त्यामुळे वाय-फायमध्ये शिरलेल्याला तुमचा बँकेचा पासवर्ड सरळ वाचता येत नाही. २०११ च्या ब्राझीलपेक्षा आज परिस्थिती बरी आहे, कारण खोटे पान आले तर ब्राउझर बहुधा इशारा देतो. पण चोराला दर वेळी तुमची माहितीच हवी असते असे नाही. त्याला तुमच्या जोडणीचा पत्ता हवा असतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की कंपन्यांनी अपडेट देणे थांबवलेल्या जुन्या राउटरांमध्ये शिरून गुन्हेगार त्या घरांच्या इंटरनेट जोडण्या इतर गुन्हेगारांना भाड्याने देत आहेत. म्हणजे फसवणूक कोणी तिसराच करतो आणि नोंद तुमच्या घराच्या आयपी ॲड्रेसची होते. २००८ मध्ये नवी मुंबईत जे घडले त्याचा आज धंदा झाला आहे. पुढे निर्दोष ठरलात तरी पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येतो, आणि लॅपटॉप, मोबाइल जप्त झाल्यावर ते परत मिळेपर्यंतचा मनस्ताप कोणी भरून देत नाही.

शिवाय घरात आता फोन आणि लॅपटॉप एवढेच नाही. कॅमेरे आहेत, दाराच्या बेल आहेत, टीव्ही आहेत. राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे कॅमेऱ्यातले चित्रण ऑनलाइन विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. अटक झालेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीचे तरुण होते. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कमकुवत असणे हे अशा चोरीचे नेहमीचे कारण आहे. रुग्णालयाच्या बाबतीत हे होऊ शकते, तर बाळावर लक्ष ठेवायला दोन हजारांचा कॅमेरा लावणाऱ्या घराबाबत काय बोलावे? तरी घरांमध्ये हा कॅमेरा आणि ज्यावर बँकेचे ॲप आहे तो फोन एकाच नेटवर्कवर असतात, कारण वेगळे ठेवता येतात हे कोणी सांगितलेलेच नसते.

वाय-फाय उघडे ठेवण्याच्या बाजूनेही एक म्हणणे आहे. सुरक्षा विषयातले जगन्मान्य अभ्यासक ब्रूस श्नायर यांनी २००८ साली लिहिले होते की आपण घरचे वाय-फाय मुद्दाम उघडे ठेवतो. पाहुण्याला पाणी विचारावे तसे ते सौजन्य आहे आणि खरी सुरक्षा आपल्या संगणकात हवी. भावना मोठी आहे. आपल्याकडेही वॉचमनच्या मुलाला अभ्यासाला नेट देणारी, समोरच्या आजींना व्हिडिओ कॉलपुरते वाय-फाय देणारी घरे आहेत, आणि ती राहावीत. पण श्नायर यांच्यासारख्या माणसाला आपला संगणक सांभाळता येतो. दोन हजारांच्या कॅमेऱ्याला स्वतःला सांभाळता येत नाही. आजच्या बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करता येते. त्यातून शेजाऱ्याला नेट मिळते आणि घरातली यंत्रे त्याला दिसत नाहीत. तेच नेटवर्क कॅमेरा आणि टीव्हीलाही द्यावे. त्यामुळे शेजारधर्म आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ येत नाही.

कंपन्यांना जास्त अधिकार दिले तर त्या आपल्या घरात डोकावतील, ही भीती मात्र मी हलकी मानत नाही. दुरून सेटिंग बदलण्याची सोय स्वतःच धोक्याची ठरू शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले, ते याच प्रकारच्या सोयीच्या वाटेने झालेल्या हल्ल्यात. पण ही सोय कंपन्यांकडे आजही आहेच. प्रश्न एवढाच, की ती वापरून त्या फक्त प्लॅन बदलणार, की सुरक्षेचे अपडेटही देणार. अधिकार आहेत तिथे जबाबदारी लिहून घेतली पाहिजे: या राउटरला अमुक सालापर्यंत अपडेट मिळतील आणि त्यानंतर तो बदलून दिला जाईल, असे करारात हवे.

खर्चाचा मुद्दा टिकत नाही. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड छापणे कारखान्यांना जमते हे स्टिकरवरूनच दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देण्यास बंदी घातली आहे. आपल्याकडेही दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने, म्हणजे टीईसीने, २०२१ मध्ये घरगुती स्मार्ट यंत्रांसाठी जी आचारसंहिता काढली तिचा पहिलाच नियम हा आहे. पण यंत्रापुरत्या नियमाने अर्धेच काम होते, कारण आपल्याकडे घोळ होतो तो यंत्र खोक्यातून बाहेर आल्यावर. ट्रायचे सेवा-दर्जाचे नियम जोडणी किती दिवसांत द्यावी, बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा हे मोजतात. त्याच नियमांत सुरक्षित जोडणीची अट घालावी: ग्राहकाच्या नंबराचा किंवा नावाचा पासवर्ड ठेवू नये, सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलून ग्राहकाला लेखी द्यावा, डब्ल्यूपीएसचा पिन बंद करावा, यंत्रात सोय असेल तर २०१८ ची डब्ल्यूपीए-३ पद्धत चालू करावी. या नव्या पद्धतीत नोंद टिपून घरी बसून अंदाज करण्याची वाटच बंद होते; घरात जुने फोन असतील तर दोन्ही पद्धती एकत्र चालवता येतात, मात्र त्या जुन्या फोनांपुरती जुनी वाट उघडी राहते, म्हणून पासवर्ड तरीही भक्कमच हवा. स्थानिक केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्या लाखो घरांनाही हीच अट लागू हवी, नाहीतर नियम फक्त शहरातल्या बड्या कंपन्यांपुरता राहील.

हे होईपर्यंत वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे: तो शेवटचा ओटीपी. नवी जोडणी असो वा दुरुस्ती, टेक्निशियन ओटीपी मागेल तेव्हा आधी त्याच्याकडून वाय-फायचा लांब पासवर्ड, सेटिंगच्या पानाचा बदललेला पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद आणि गेस्ट नेटवर्क चालू, एवढे करून घ्या. जोडणी जुनी असेल तर कस्टमर केअरला फोन लावून याच गोष्टींसाठी तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. वयस्कर आई-वडील वेगळ्या गावी राहत असतील तर त्यांच्या वतीने तुम्ही फोन लावा. हे सगळे झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका.